तिसऱ्या ओळीतला शब्द

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मी खोटी साक्ष दिली आहे.

देवपूरच्या पुढे पांझरा नदीच्या काठाकाठाने आलात की एका निंबाखाली मी उभा दिसेन. गावात मला साहेबाचा दगड म्हणतात. दिवेलागणीनंतर इकडे कोणी फिरकत नाही, कारण इथे साहेबाचं भूत आहे असं सगळ्यांना वाटतं. साहेब बिचारा दीडशे वर्षांत एकदाही उठलेला नाही. इथे भूत आहे ते एका शब्दाचं, आणि ते माझ्याच अंगावर राहतं.

लळिंगच्या डोंगरात मी सुखी होतो. करडा, काहीसा मऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिथून गिरधर पाथरवटाने मला बैलगाडीत घालून आणलं. त्याच्यापुढे स्कॉटलंडहून आलेला एक कागद होता. गिरधरला आपलीच अक्षरं येत नव्हती, तिथे इंग्रजी कुठून येणार? त्याने चित्र काढावं तसं एकेक अक्षर माझ्यावर उतरवलं. वर साहेबाच्या घराण्याची खूण होती, हरणाचं डोकं. तिकडचं हरीण त्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या रानातल्या काळविटाची पिळदार शिंगं काढून दिली. ती शिंगं अजून शाबूत आहेत.

ज्याच्या उशाशी मला उभं केलं तो ह्यू नावाचा तरुण अधिकारी होता. जमिनीची मोजणी करायला आला आणि तापाने गेला. त्याचं घराणं डनवेरीचं. त्या घराण्यात 'अर्ल' ही पदवी अकरा पिढ्या चालत आली होती. आपल्याकडे पाटीलकी जशी बापाकडून थोरल्या मुलाकडे जायची, तशीच. जमीन, घर, मानपान, सगळं त्या पदवीच्या मागोमाग जायचं. ह्यूचा थोरला भाऊ तेव्हा अर्ल होता आणि त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्यामागे पदवी ह्यूच्या मुलाकडे यायची होती.

ह्यूला मुलगा होता. मोतीलाल त्याचं नाव, आणि आई सुंदरबाई याच गावची. ह्यू आणि सुंदरबाईने गावासमोर एकमेकांना हार घातले होते, गावजेवण दिलं होतं. मी तेव्हा डोंगरात होतो, पण सुंदरबाई माझ्याजवळ बसून हे इतक्यांदा बोलली आहे की मला ते पाहिल्यासारखं वाटतं.

मला उभं केलं त्या दिवशी ती पोराला कडेवर घेऊन आली. आपलं नाव कुठे आहे ते तिने गिरधरला विचारलं, "मनं नाव कोठे शे, भाऊ?"

गिरधरने माझ्यावरच्या ओळींवरून नजर फिरवली. मग त्याने पाहिलं, तिसऱ्या ओळीत एकच शब्द होता, एकटा, ठळक. त्याने तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. "आठे शे, माय," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या शब्दाचा अर्थ होता 'अविवाहित'.

घराण्याने तो मुद्दाम कोरायला सांगितला होता. माझं चित्र काढून तिकडे पाठवण्यात आलं. पुढे थोरला भाऊ वारला तेव्हा ते चित्र पुढे ठेवलं गेलं. ह्यूचं लग्नच झालं नव्हतं, दगडच सांगतो आहे, असं ठरलं आणि पदवी एका चुलतभावाकडे गेली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेबाचा दगड म्हणून मी आपला तोऱ्यात उभा होतो.

सुंदरबाई दरवर्षी यायची. नाव स्वच्छ राहावं म्हणून पितळेचं भांडं घासावं तशी ती विटकरीच्या तुकड्याने तेवढाच एक शब्द घासायची. बाकीच्या ओळींवर शेवाळ चढलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिच्यामागे मोतीलाल घासायला लागला, मग त्याचा मुलगा रुपचंद, मग रुपचंदची मुलगी मंदाबाई. मंदाबाईचं माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे तिचा एक खाडा नाही. "साहेबाची पणती आली बरं का," म्हणून बाया तिला चिडवत. ती त्यांना माझ्यासमोर आणून शब्दावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "मनी पणजीनं नाव आठे शे, साहेबना शेजारे." ते आठवलं की आता मला जमिनीत जावंसं वाटतं.

यंदा उन्हाळ्याआधी ग्रामपंचायतीत स्कॉटलंडहून पत्र आलं. मंदाबाईची नात प्रज्ञा देवपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते निंबाखाली बसून मोठ्याने वाचलं, आणि मला माझा सगळा इतिहास त्या दिवशी कळला. शेवटचा अर्ल मुलाशिवाय वारला होता. पदवी संपली होती. त्या घराण्यातल्या एक वयस्कर बाई घराण्याचा इतिहास लिहीत होत्या. त्यांना माझे फोटो हवे होते, आणि पुसट अक्षरं पुन्हा कोरून घ्यावीत अशी त्यांची विनंती होती. सोबत माझं ते जुनं चित्र होतं. प्रज्ञा तिसऱ्या ओळीपाशी थांबली. घरी तिने कोणालाच काही सांगितलं नाही.

पंचायतीने कोनशिला कोरणाऱ्या तोतारामला बोलावलं. चार दिवसांनी तो चित्र घेऊन आला. मंदाबाई नवं लुगडं नेसून आली होती. तोतारामने शेवाळ खरवडलं, दोन ओळी नीट केल्या आणि तिसरीवर हात फिरवला.

"आठे तं काहीच नही, बेटी," तो प्रज्ञाला म्हणाला. "कागदवर शब्द शे. कोरी टाकू?"

"कोर ना भाऊ," मंदाबाई म्हणाली. "मनी पणजीनं नाव शे ते. घासी घासी आमीनच पुसी टाकं."

तोतारामने छिन्नी टेकवली. मित्रांनो, पहिल्या वेळी मला काही कळत नव्हतं. या वेळी सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं.

"थांबा," प्रज्ञा म्हणाली. तिने आजीचा हात धरला. "आजी, ते तुझ्या पणजीचं नाव नाही. कधीच नव्हतं. तिथे लिहिलं होतं की साहेबाचं लग्नच झालं नव्हतं."

मंदाबाई खाली बसली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला तिच्या नजरेत सुंदरबाई दिसली. ती आता थुंकेल असं मला वाटलं. थुंकली असती तरी माझी तक्रार नव्हती.

मग ती म्हणाली, "म्हंजे आमीन एवढा वरीस तेच पुसं?"

"हो."

"बरं जायं," मंदाबाई म्हणाली, म्हणजे बरंच झालं. सूर्य नदीपलीकडे कलला होता. तिरपं ऊन अंगावर आलं की माझ्यावर त्या शब्दाची एक फिकट सावली उठते. ती आपोआप उठली. मंदाबाईने डोळे बारीक केले. "आजून दिखस का?"

"थोडंसं," प्रज्ञा म्हणाली.

"मंग इटनं तुकडं आन. पहिले हाई जाऊ दे. मंग तठे पणजीनं नाव कोर, भाऊ."

तोतारामने तोवर छिन्नी पिशवीत टाकली. प्रज्ञाने स्कॉटलंडला उत्तर लिहिलं, की तिसरी ओळ आता वाचता येत नाही, ह्यूच्या बायकोने आणि त्याच्या वंशातल्या तीन पिढ्यांनी ती घासून काढली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना हात लावू नका, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी तसं म्हणणार नाही. एखाद्या दगडावर काही कोरलेलं दिसलं तर ते कोणी कोरायला लावलं, एवढं आधी विचारा. मंदाबाई आता रोज येते. तिचे हात थकले आहेत, आणि तो शब्द संध्याकाळी अजून थोडासा दिसतो. इकडे आलात तर विटकरीचा एक तुकडा घेऊन या.