दुसऱ्या दिवशीची पोळी

प्रसेनजीतनं दारातच डब्याचं झाकण उघडलं. आत पुरणाच्या पोळ्या होत्या, चौपदरी घडी घातलेल्या, गार. कडा जराशा ताठल्या होत्या आणि वर सोडलेलं तूप थिजून पांढरं झालं होतं.

"कालच्या आहेत का?" त्यानं विचारलं.

"व्हय की, कालच्याच!" समोरच्या फ्लॅटमधल्या आक्का मोठ्या हौसेनं म्हणाल्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला. "होळीच्या. मुद्दाम बाजूला ठिवल्यात. बायडा कुठं हाय? हाक मार की तिला."

त्यानं झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात परत दिला.

"आक्का, आमच्यात शिळं घेत नाहीत. यापुढं असलं काही आणत जाऊ नका."

आपण आवाज चढवला नव्हता, असं तो पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिला. पण खालच्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालं होतं, म्हणजे आवाज तिथवर गेलाच होता. आक्कांनी आधी डब्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, ते त्यांनी गिळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलं." आणि स्वतःचं दार त्यांनी अगदी हळू लावून घेतलं.

प्रसेनजीत आत आला तेव्हा त्याला मनातून बरं वाटत होतं. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा. पोरांना बोलायला त्याची जीभ तलवारीसारखी चालायची, पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर सुनवायची ही पहिलीच वेळ. धुळवडीची सुट्टी होती म्हणून घरी होता, नाहीतर हे कळलंही नसतं.

स्वयंपाकघरात त्याची आई, बायडाबाई, गॅसपाशी उभी होती. पातेल्यात दूध तापत होतं आणि कट्ट्यावर दोन वाट्या मांडलेल्या होत्या.

"काय म्हनलास रं तिला?"

"आबा जे म्हणाले असते तेच."

बायडाबाईंनी गॅस बंद केला. एक वाटी उचलून फडताळात ठेवली. मग दुसरीही ठेवली.

आबा म्हणजे त्याचे वडील. शिरोलीच्या फौंड्रीत उभा जन्म भट्टीपुढं काढलेला माणूस. पेठ वडगावजवळच्या त्यांच्या गावी सणाच्या दुसऱ्या दिवशी आबांची आई टोपली घेऊन दारोदार फिरायची. उरलेल्या पोळ्या लोक वरून टोपलीत टाकायचे, हात लागणार नाही असं बघून. लहानगे आबा तिच्या लुगड्याचा सोगा धरून मागं असायचे. मग छप्पन साल आलं, धर्म बदलला आणि टोपली गेली. पण दुसऱ्या दिवशीच्या पोळीचा वास आबांच्या नाकातून कधी गेला नाही. कुणाच्या घरून सणाचं उरलेलं आलं तर ते उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आई गाव सोडून इथं राहायला आली होती आणि आबांचा हा नेम आता आपण चालवायचा, हे प्रसेनजीतनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी निशा लॅबमधून आली. जेवायला बसल्यावर त्यानं तिला सगळं रंगवून सांगितलं. समोर भाकरी आणि दुपारच्या मटणाचा उरलेला तांबडा रस्सा. बायडाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या, पाठ यांच्याकडं.

निशानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवत म्हणाली, "दुपारचा रस्सा चालतो वाटतं आपल्याला?"

"तो आपला आहे, निशा. आणि हे दुपारचं. ते आदल्या दिवशीचं, त्यांनी खाऊन उरलेलं. फरक आहे."

"उरलेलं नव्हतं ते. राखलेलं होतं." तिनं घास खाली ठेवला. "आई नैवेद्य दाखवलेलं खात नाहीत, तुम्हाला माहीत आहे ना? इथं आल्यावर पहिल्याच सणाला आक्का गरम पोळी घेऊन आल्या, तर आईंनी स्पष्ट सांगितलं, की आमच्यात देवाचं चालत नाही. दुसरी कुणी असती तर तिनं तोंड फिरवलं असतं. आक्का दुसऱ्या दिवशी परत आल्या. 'आज यात देव न्हाय, नुसती पोळी हाय,' म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक सणाचं हे असंच चाललंय."

प्रसेनजीतचा हात ताटातच राहिला.

"आणि जयंतीला आपण खीर-पुरी करतो, तेव्हा आक्का त्या दिवशी खात नाहीत. दुसऱ्या दिवशी येतात. इथं, या फरशीवर बसून कालची खीर खातात. 'तुझी शिळी आन् माझी शिळी, फिटंफाट,' म्हणून दोघी हसतात."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही कधी असता घरी?"

त्यानं आईच्या पाठीकडं पाहिलं. "आई, तू तरी सांगायचंस."

बायडाबाईंनी भाकरी त्याच्या ताटात टाकली. "तुझ्या आबास्नी बघायला मिळालं न्हाय ते," त्या म्हणाल्या. "आपल्या सैपाकघरात बसून मानूस कालचं खातंय. जेव आता, गार हुतंय."

तो जेवला. रस्सा झणझणीत होता, पण त्याला तिखट लागला नाही की गोड.

त्यानंतर घरात काही उरेनासं झालं. बायडाबाई रोज रात्री मोजकंच रांधायला लागल्या. भाकरी माणशी दोन, आमटी वाटीच्या मापानं, भात पातेल्याच्या तळाला लागेल एवढाच. सकाळी फोडणीची भाकरी नाही की कुस्करा नाही. एरवी ताटात जबरदस्तीनं वाढणारी ही बाई, पण आता कुणी "अजून?" म्हणालं तर रिकामं पातेलं दाखवायची. रागाचा एक शब्द नव्हता. शब्द असता तर प्रसेनजीतला बरं वाटलं असतं.

लाज त्याला जिन्यात वाटायची. आक्कांच्या दारावरून जाताना किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून तो जुडगा मुठीत दाबून धरायचा. त्यांच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली तरी मान खाली जायची. एकदा पेढ्यांचा खोका घेऊन तो त्यांच्या बेलपर्यंत गेला. बोट पुढं केलं आणि मनात आलं, पेढे देऊन काय सांगणार? की हे बघा, ताजे आहेत? तो खोका शेवटी क्लासमधल्या शिपायानं आणि पोरांनी संपवला.

पाडवा आला. दुपारी बेल वाजली. दारात आक्कांची सून अवनी उभी, हातात झाकलेलं ताट. रुमालाच्या कडेनं वाफ येत होती.

"आईंनी पाठवलंय," ती म्हणाली. "आत्ताच तव्यावरून उतरवलीय."

"अहो, कशाला..." तो म्हणाला.

अवनीनं आवाज उतरवला. "मावशींना एवढं सांगा, की नैवेद्याच्या आधी काढलीय. देवापुढं अजून पान गेलेलं नाही." तिनं ताट त्याच्या हातात दिलं. "आमच्यात असं कधी कुणी केलं नव्हतं. मामंजी जेवायचे थांबलेत अजून." एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

पोळी, कटाची आमटी, कुरडई, लिंबाची फोड. प्रसेनजीतनं ताट आत नेऊन आईपुढं ठेवलं आणि निरोप सांगितला. 

"देवाच्या आधी?" बायडाबाईंनी विचारलं.

"हां."

"आक्कांनी?"

त्यानं मान हलवली. बायडाबाई खाली बसल्या. 

"निवद दावल्याबिगर आमटीचं मीठसुदीक चाखत न्हाय ती बाई," त्या म्हणाल्या. "शिळं नगो म्हनलास, म्हून ताजं दिलं. देवाचं मला चालत न्हाय, म्हून देवाला मागं ठिवलं. आता तिनं अजून काय करायचं रं?"

त्यानं ताट थोडं तिच्याकडं सरकवलं. निशा दारात उभी होती.

"गरम आहे तोवर खा की, आई," तो म्हणाला.

"न्हाय." बायडाबाईंनी पोळीवर दुसरं ताट पालथं घातलं. "आज खाल्ली तर आमचं शिळ्याचं मोडलं, मी हिशेब चुकता केल्यागत हुईल. उद्या खातो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळचा चहा झाल्यावर बायडाबाईंनी त्याला हाक मारली.

"समोर जा. आक्कास्नी म्हन, आमच्यात कालची पोळी उरलीया, खायाला या."

"तूच सांग ना. तुझं बोलणं होतंच की त्यांच्याशी."

"न्हाय हुईत. होळीपास्नं न्हाय." त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "आन् डबा कुनी परत दिलता? मी?"

तो गेला. घरातल्याच स्लिपरा पायात, अंगावर कालचा टी-शर्ट. बेल वाजवल्यावर दार उघडेपर्यंत त्यानं वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं. आजीच्या तोंडी दर सणाला असलेलं वाक्य याच्या जवळपासचंच असणार, असं त्याला वाटून गेलं. फक्त ती मागायला उभी राहायची.

दार आक्कांनीच उघडलं.

"आक्का," तो म्हणाला. नजर त्यांच्या पायापाशी. "आमच्यात शिळी पोळी उरलीया. आईनं खायाला बोलवलंय."

आक्का दारातच उभ्या राहिल्या. आतून टीव्हीचा आवाज येत होता. लाजेनं त्याचे कान तापले होते आणि उन्हाळ्याचा घाम कपाळावरून भुवईपर्यंत आला होता, तो पुसावा असंही त्याला वाटेना.

"तू असतोस व्हय घरात?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. पाऊस हाय का बाहेर, असं विचारावं तसं.

त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"न्हाय," तो म्हणाला. "क्लास हाय मला. निघालोच."

"मग येतो."

त्या चप्पल शोधायला आत वळल्या आणि तो तसाच जिना उतरला. खाली रविवारची गल्ली सुस्त होती. क्लासेसचे फलक, बंद शटर, कोपऱ्यावर एक रिक्षावाला पेपर वाचत बसलेला. प्रसेनजीत चौकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. टपरीवर चहा उकळत होता. त्याला घ्यावासा वाटला, पण पाकीट वर राहिलं होतं आणि इतक्यात काही वर जाता येणार नव्हतं.