दोराला हात

कोळीवाड्यातला पहिला वकील म्हणून कमलेशचा सत्कार झाला होता तेव्हा गुणाजीकाकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. पुढं तो अलिबागला कायद्याच्या वर्गावर शिकवू लागला. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा ‘शक्ती वाहिनी’ निकाल तो फार रंगवून सांगायचा. दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की घराची, जातीची, गावाची कुणाची परवानगी लागत नाही. आडवी येणारी पंचायतच बेकायदा. पहिल्या बाकावर बसून गुणाजीकाकांची मुलगी रचना हे सगळं टिपून घ्यायची. वाड्यात ती त्याला दादा म्हणायची आणि वर्गात सर.

तिनं सरांवर विश्वास ठेवला, ही तिची चूक. पालीच्या परेशशी, दुसऱ्या जातीतल्या पोराशी, तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि वाड्यात आग लागली.

देवळात बैठक बसली. गुणाजीला वाळीत टाकायचं, एवढं ठरवूनच सगळे आले होते. पंच सदानं विचारलं, “वकील, यात आपण अडकू काय?”

खरं उत्तर एका वाक्याचं होतं: हा गुन्हा आहे, आपल्या राज्यात तसा कायदाच आहे. पण समोर चुलते बसले होते, मामा बसले होते आणि कमलेशच्या धाकट्या बहिणीचं लग्न याच वाड्यात ठरत होतं. त्यानं घसा खाकरला.

“वाळीत टाकलं असं म्हणू नका. दंड लावू नका. कुणी कुणाशी बोलावं ही ज्याची त्याची मर्जी, एवढंच म्हणा.”

“शिकलेला माणूस वेगळाच!” सदा खूश झाला. कमलेशनं मान खाली घातली. शरम तेव्हाच वाटली होती, पण गिळली.

मे सरताना, पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढायचे दिवस आले. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. खाली ओंडके टाकायचे, दोर लावायचा आणि सगळ्या वाड्यानं हैसा म्हणत ओढायचं. आज तुझी, उद्या माझी. एकेक करून सगळ्यांच्या होड्या वर आल्या. गुणाजीची तेवढी पाण्यात राहिली.

मग समुद्र खवळला. गुणाजीकाका, नलूकाकी, रचना आणि परेश, अशी चौघं दोराला लोंबकळली. होडी जागची हलेना. वाडा किनाऱ्यावर उभा राहून बघत होता. कमलेशही त्यांतच होता.

रचना ओली, धापा टाकत त्याच्यापाशी आली. “सर, लग्नाला गावाची परवानगी लागत नाही, तुम्हीच शिकवलंत. दोराला हात लावायला लागते का?”

त्यानं सदाकडं पाहिलं. सदा त्याच्याकडंच बघत होता. “मी एकटा काय करणार गं,” तो पुटपुटला. ती परत दोराकडं गेली.

थोड्या वेळानं एका लाटेनं होडी उचलली आणि खडकावर आपटली. फळ्या फुटल्याचा आवाज साऱ्या किनाऱ्यानं ऐकला. नलूकाकीनं तोंडात पदर कोंबला. लोक हळूहळू पांगले. बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

तेव्हा कुठं कमलेशचे पाय हलले. आता हात लावून उपयोग नव्हता, म्हणूनच बहुधा हलले. गुणाजीकाका वाळूवर बसून होते. तो पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि त्याचे डोळे वाहू लागले. काकांनीच त्याचा हात धरला.

“तू कशाला रडतोस, पोरा? तुला काय ठावं न्हाय व्हय, वाड्यापुढं कुणाचं चालत न्हाय.” मग रचनेकडं बघून म्हणाले, “ही खुळी म्हणते, आपल्या बाजूनं कायदा हाय. म्या म्हटलं, बाय गं, कायदा असता तर आपला कमलेश त्या बैठकीत गप बसला असता काय?”

रचनेनं कमलेशकडं पाहिलं. वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघायची, तशीच ती बघत राहिली. काकांनी अजून त्याचा हात सोडला नव्हता.