डोळ्याखालचा फुटवा

वीट खारीच्या पाठीवर बसली. खार फांदीवरून खाली पडली, तिने दोनदा शेपूट आपटली, आणि तेवढ्यात मनोहरराव दुसरी वीट घेऊन तिच्यापर्यंत पोचले.

“आबा, नका ना मारू!” ओट्यावरून सहा वर्षांची गुंजन ओरडली.

“माह्या संत्र्याले तोंड लावते साली!” मनोहररावांनी वीट टाकली आणि वरून पाय दिला. मग चप्पल गवतावर पुसली. “आता नाही येत ते. जाय, दात घास. आज आपले संत्रे तोडाचे आहेत.”

त्यांची बायको प्रेमिला नळापाशी भांडी विसळत होती. तिने खारीकडे पाहिले नाही. खारीच्या तोंडून सुटलेले फळ घरंगळत वालाच्या वेलापाशी गेले होते, ती त्याच्याकडे पाहत होती. एका बाजूने साल कुरतडलेली, आतल्या एका फोडीवर दातांची खूण, बाकी फळ जसेच्या तसे. गोड फळ खार असे सोडून देत नाही. प्रेमिला उठली आणि तिने ते फळ पदराखाली घेतले.

“काय उचललं वं?”

“पाला होता, सडका.”

पदरातून लिंबासारखा वास येत होता.

कळमन्यापलीकडच्या ले-आऊटमधले ते दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे साधे घर. मागे पंधरा बाय वीस फुटांची जागा. त्यात वालाचा वेल, दोन पपया, गवती चहा, कुंड्यांमध्ये शेवंती, आणि मधोमध डोक्याहून उंच गेलेले ते झाड. मनोहरराव त्याला संत्रा म्हणत, म्हणून सगळी गल्ली संत्रा म्हणे. यंदा त्याला पहिल्यांदा फळे आली होती. साल जाड आणि खडबडीत होती, पण पहिल्या बहराची साल तशीच असते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते, आणि ते त्यांनी धरून ठेवले होते.

ते झाड संत्र्याचे नाही, हे त्या घरात फक्त प्रेमिलाला ठाऊक होते.

तिचे वडील नत्थूजी काटोलला रोपवाटिकेत डोळे भरायचे. संत्र्याचे झाड मुळापासून संत्र्याचे नसते. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचे आंबट लिंबू. तिचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीत चीर द्यायची, तीत संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा बसवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. डोळा जगला की वरची जंबेरी छाटून टाकायची. मग खाली मुळे जंबेरीची आणि वर झाड संत्र्याचे. लहानग्या प्रेमिलाला पट्ट्या धरायला बसवून नत्थूजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. “डोळ्याखालून फुटलं ते मोडाचं, बाई. दया नाही कराची. ते आपलं नसते.”

साडेचार वर्षांपूर्वी, लॉकडाऊनच्या मे महिन्यात, मनोहररावांना कळमेश्वरहून फोन आला होता. तिथल्या एका कारखान्यात ते फिटर होते, ती नोकरी गेली होती. त्यांनी फोन ठेवल्यावर प्रेमिलाने विचारले, “कोणाचा होता?” एवढेच विचारले. कुऱ्हाड ओट्यावरच होती. ती बागेत पळाली, झाडाच्या आडोशाला खाली बसली, आणि घाव खोडात बसला. त्यांनी कुऱ्हाड ओढून काढली आणि पुन्हा मारली, मग तिसऱ्यांदा. तेव्हा ते खरेच संत्र्याचे झाड होते, चार वर्षांचे. डोळ्याच्या जोडापाशी ते तुटून पडले आणि सुपारीएवढी हिरवी फळे मातीत पसरली. प्रेमिला भिंतीला पाठ लावून त्या फळांकडे पाहत राहिली. चौथा घाव आला नाही.

“वादळानं मोडलं,” मनोहररावांनी शेजाऱ्यांना सांगितले. त्या आठवड्यात वादळ झालेही होते. पुढे त्यांनाच ते खरे वाटू लागले असावे. कारण पावसाळ्यात राहिलेल्या बुंध्यातून तीन फुटवे आले तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. “मेलेलं झाड उठवलं मी!”

“खालून आलं ते काढा लागते,” प्रेमिला म्हणाली होती. “ते जंबेरी—”

वाक्य पुरे होण्याआधी डाव्या कानावर थप्पड बसली. त्या कानाने तिला अजून कमी ऐकू येते. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला सांगितले, दार लागलं.

त्यानंतर ती झाडाबद्दल बोलली नाही. पाने चुरगळून वास घेतला, काटे पाहिले. गेल्या फेब्रुवारीत कळ्या आल्या तेव्हा त्यांच्यावर जांभळी झाक होती. संत्र्याची कळी पांढरीशुभ्र असते. ती रोज त्या झाडाला पाणी घालत राहिली.

स्वयंपाकघरात तिची सून सोनिका सांबारवडीसाठी कोथिंबीर चिरत होती. डिसेंबर असला तरी गॅसपाशी घाम येत होता, पण तिने स्वेटर काढला नव्हता. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने हात उंचावला आणि बाही मागे सरकली. दंडावर चार बोटे उमटली होती. कडेने पिवळी, मधे निळी. चार-पाच दिवसांपूर्वीची, प्रेमिलाने ओळखले.

“हे काय वं?”

“दार लागलं, आई.” सोनिकाने बाही खाली ओढली.

त्या घराला पाच दारे होती आणि तीस वर्षांत प्रेमिलाची पाचांचीही नावे घेऊन झाली होती. आता तेच वाक्य दुसऱ्या तोंडून आले होते. बाहेरच्या खोलीत तिचा मुलगा सुशील गुंजनला मांडीवर घेऊन मोबाइलवर काहीतरी दाखवत होता आणि दोघे खदखदून हसत होते.

दहा वाजता धोंडबाजी आले. मनोहररावांचे कारखान्यातले जुने जोडीदार, आता सावनेरकडे मुलापाशी राहणारे. त्यांना मुद्दाम फोन करून बोलावले होते.

“काय गा मनोहर, संत्रे खायले बोलावलं का दाखवाले?”

“पहिले पाह्य तं खरं!”

बागेत खुर्च्या मांडल्या. ऊन कोवळे होते, शेवंतीवर मधमाश्या होत्या. सोनिकाने गरम सांबारवडी आणि कढी आणली. धोंडबाजींनी तीन वड्या खाल्ल्या आणि चौथी घेताना म्हणाले, “मी आजच मरून गेलो तं चालते, सूनबाई.” गुंजन एवढी हसली की तिच्या नाकातून कढी आली. मनोहररावही हसले. त्यांनी नातीचे तोंड स्वतःच्या रुमालाने पुसले. कोणी फाटकातून पाहिले असते तर त्याला एक सुखी घर दिसले असते, आणि त्या दहा मिनिटांपुरते ते होतेही. खारीवर मात्र अजून वीट होती.

मग मनोहररावांनी सहा फळे तोडली, ताटात मांडली आणि उभे राहून बोलू लागले, कारखान्यात दसऱ्याच्या पूजेला बोलत तसे. “वादळात झाड गेलं होतं. सगळे म्हणे, उपटून फेक. मी म्हटलं, नाही. मनोहर हार नाही मानत.” त्यांनी एक फळ हातात घेतले. “पहिली फोड गुंजनची.”

साल निघेना. संत्र्याची साल नुसत्या अंगठ्याने सुटते. ही गराला चिकटून बसली होती. त्यांनी नखे रोवली, शेवटी सुरी मागवली. फोड फिकट पिवळी निघाली.

गुंजनने ती तोंडात घातली. तिचे डोळे मिटले, खांदे वर गेले. “आबा, लय आंबट आहे.”

“खाय.”

“नाही ना...”

“खाय म्हटलं नं!” त्यांनी तिची हनुवटी धरली आणि उरलेली फोड बोटाने आत कोंबली. पोरीला ठसका लागला, रस नाकातून आला. सोनिका पुढे झाली.

“थांब,” सुशील तिला म्हणाला. ती थांबली.

“पाहू दे मले.” धोंडबाजींनी एक फोड तोंडात टाकली, जीभ टाळ्याला लावली, आणि मग मांडीवर थाप मारून मोठ्याने हसले. “अबे, जंबेरी व्हय हे! साडेचार वर्षं जंबेरी पोसली तू, मनोहर! लोणचं घाल आता!”

कोणीच हसले नाही, पण धोंडबाजींना ते कळायला वेळ लागला. डोळे पुसत ते प्रेमिलाकडे वळले. “आन् वहिनी, तुम्ही तं काटोलच्या. तुमचे बाबा डोळे भरत. तुम्हाले नाही समजलं?”

आता सगळे तिच्याकडे पाहत होते. मनोहररावांच्या हातात सुरी होती. नाही समजलं, एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते तिच्या जिभेवर तयारही होते. ती वेंधळी ठरली असती, ते चिडले असते, दुपारी कुठल्यातरी दाराचे नाव घ्यावे लागले असते, आणि संध्याकाळी दिवा लागला असता. सोनिका गुंजनला पोटाशी धरून उभी होती. तिची नजर प्रेमिलाच्या तोंडावर होती. असे तोंड कसे मिटायचे ते ती शिकत होती.

“समजलं होतं,” प्रेमिला म्हणाली.

“मंग सांगतलं काहून नाही?” मनोहररावांचा आवाज अगदी खाली आला.

“सांगतलं होतं. त्या दिवशी मले दार लागलं.” तिने पदरात बांधून ठेवलेले सकाळचे कुरतडलेले फळ काढून ताटात ठेवले. “खारीले एका घासात समजलं. धोंडबाजी, झाड वादळानं नाही मोडलं. कुऱ्हाडीनं मोडलं. मी त्याच्या मागं होती.”

मनोहररावांनी सुरी टाकून दिली आणि मुठीने मारले. तिच्या उजव्या डोळ्याखाली हाडावर ठोसा बसल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती कुंड्यांवर पडली. खापर फुटले, शेवंती तिच्या अंगाखाली आली. त्यांनी लाथ मारली, ती बरगडीत बसली. दुसरी मारणार तोच धोंडबाजींनी त्यांना मागून कवेत आवळले. “अबे मनोहर! अबे पागल झाला का!” मनोहररावांनी कोपर मागे मारले, धोंडबाजींचा चष्मा उडाला. मग ते ओट्यावर गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले.

प्रेमिला उठली नाही. तिने फक्त डोके हातांनी झाकले.

कुऱ्हाड झाडाला लागली. एकदा, पुन्हा, पुन्हा. “हराम... खोर... माह्याच... घरात...” दर घावाला एक शब्द. फळे टपटप पडत होती. लिंबाचा वास एवढा दाटला की गुंजनला शिंका येऊ लागल्या. झाड वालाच्या वेलावर कोसळले तरी ते मारत राहिले, जमिनीलगत, मुळांवर, मातीवर.

“गुंजनले आत ने, उभी काय राहिली!” सुशील ओरडला आणि त्याने सोनिकाचा दंड धरला. तिथेच, त्याच जागी. मग खाली पडलेल्या आईकडे वळला. “आन् तूही! मेहमानासमोर बोलाचं काम होतं काय हे?”

प्रेमिला एका हातावर रेटा देत उठली. तोंडात रक्त आले होते. ते तिने बाजूला थुंकले. तिने मुलाच्या बोटांकडे पाहिले. चार वर, अंगठा मागे. तिला बोटांची ती ठेवण ओळखीची होती.

“हात सोड तिचा.”

“आई, तू मधात—”

“सोड. नाही तं धोंडबाजींच्या समोर तुहंही दार सांगीन.”

धोंडबाजी चष्म्याची तुटलेली काडी हातात घेऊन उभे होते. त्यांनी सोनिकाच्या दंडाकडे पाहिले, मग सुशीलकडे. सुशीलची बोटे एकेक करून सुटली.

दुपारी घर शांत होते. धोंडबाजी जाताना म्हणाले होते, “वहिनी, फोन लावा, कवाही,” आणि मनोहररावांकडे न बघता गेले होते. मनोहरराव आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. तळहातांना फोड आले होते. त्यांनी पाणी मागितले. कोणी दिले नाही, म्हणून बऱ्याच वेळाने ते स्वतः उठून पिऊन आले. सुशील बाहेर निघून गेला होता.

प्रेमिलाचा उजवा डोळा बंद झाला होता. ती नळापाशी बसून एकेक फळ कापत होती, रस वाहून जाऊ देत होती आणि बिया परातीत काढत होती. मग तिने पाणी तापवायच्या चुलीतली राख घेतली आणि बियांवरचा बुळबुळीतपणा निघेपर्यंत त्या चोळल्या, धुतल्या. गुंजनने पपईखाली खड्डा खणून खारीला त्यात ठेवले होते आणि ती वरून माती लोटत होती.

“हे काय करून राहिल्या, आई?” सोनिकाने विचारले. “तेच झाड पुन्हा?”

“ही वाईट नसते वं. मुळं इचीच लागतात.” प्रेमिलाने ओठ पुसला. “बी ओलं असतानाच लावा लागते, वाळलं का मरते. पेन्सिलीएवढं झालं का डोळा भराचा.”

“डोळा कुठून आणाचा?”

“काटोलहून. माह्या भावाच्या बागेतून.”

“कोण आणीन?”

“आपण जाऊ.”

सोनिकाने आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिले. “इथंच लावाचं, जिथं ते होतं तिथं?”

“नाही.” प्रेमिलाने रंगाचा रिकामा डबा पुढे ओढला. खिळ्याने त्याच्या बुडाला भोके पाडून झाली होती. “डब्यात. डबा उचलता येते.”

सोनिका तिच्यासमोर बसली. तिने स्वेटर काढून ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हात मातीत घातले.