अर्धं ओढलेलं शटर

डोंबिवलीत रामनगरच्या त्या पोळी-भाजी केंद्रात मशीन येणार असं ठरलं, तेव्हा गल्लीनं शुभदाताईंच्या धंद्याच्या डोक्याचं कौतुक केलं. नवरा जाऊन दीड महिना होतो न होतो तोच बाई कामाला लागल्या, लोक म्हणाले. मशीन तासाला पाचशे पोळ्या काढतं, सगळ्या एकसारख्या. मुलगा नील घोडबंदर रोडला आयटीत, त्यानं लॅपटॉपवर ग्राफ काढून दाखवला. शुभदाताईंनी मान डोलावली. ग्राफात काय होतं ते आजही विचारा, त्यांना सांगता यायचं नाही.

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्या कुणाच्या बापाला सांगणार नव्हत्या.

भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, सकाळी सातला गेले. केंद्राच्या वर, पहिल्या मजल्यावरच्या घरात देह ठेवलेला, आणि नील ट्रॅफिकमध्ये अडकलेला. तीन तास वाट बघण्यात गेले. शुभदाताईंना रडू येईना. आत सगळं बधिर. कुणीतरी म्हणालं, स्मशानात आधार कार्ड लागेल. ते खाली केंद्राच्या ड्रॉवरमध्ये होतं, म्हणून त्या स्वतः उतरल्या. खाली शटर अर्धं ओढून रमाबाई पोळ्या लाटत होत्या. एकटे राहणारे म्हातारे-कोतारे, त्यांचे बावीस डबे जायचे होते. ते कसे चुकवणार? पंधरा वर्षं रमाबाई शेलार नाक्याच्या चाळीतून पहाटे येत होत्या, त्या दिवशीही आल्या.

गरम पोळीचा वास आला आणि शुभदाताईंना भूक लागली. अशीतशी नाही, कडकडून. वर नवरा जमिनीवर ठेवलेला, आणि बाईंनी उभ्या-उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या, कोरड्या, बकाबका. रमाबाईंनी पाहिलं. उठून शटर आणखी वीतभर खाली ओढलं आणि पुढचा गोळा हातात घेतला.

बस्स, एवढंच. पण तेव्हापासून रमाबाई समोर आल्या की शुभदाताईंना त्या पोळ्या आठवत. रडू अजून आलंच नव्हतं. यायचा तो फक्त हा एक राग, तोही थंडगार. माणसाला काढायचं तर कारण द्यावं लागतं, मशीन आणायला कोण विचारतंय?

शेवटच्या दिवशी रमाबाईंनी विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार? धंदा आहे. लोकांना आता एकसारख्या पोळ्या लागतात."

"लागत असतील."

रमाबाईंनी आपलं लाटणं पदराला पुसून पिशवीत घातलं. वय पंचावन्न, गुडघे गेलेले. स्टेशनजवळच्या केंद्रानं त्यांना आधीच नाही म्हटलं होतं. शुभदाताईंना हे ठाऊक होतं. ठाऊक असून काही वाटत नव्हतं. त्या आपल्या मागच्या खोलीत पिठाचे डबे बघायला गेल्या.

तेवढ्यात मशीन कुठं बसवायचं ते बघायला नील आला. बाहेरून रमाबाईंचा आवाज ऐकू आला.

"नीलदादा, आईच्या खाण्याकडे बघत जा रे. भाऊ गेले त्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता त्यांनी."

"हो, आत्या पण तेच सांगत होती."

"मीच सांगितलेलं त्यांना. खाली मीच होते ना. मी बघितलंय."

शुभदाताईंचा हात पिठात तसाच राहिला. दीड महिना ही बाई त्यांची अब्रू घरोघर राखत फिरली होती. लाज वाटली त्यांना, भयंकर वाटली. दीड महिन्यात वाटलेली ती पहिली धड गोष्ट. बाहेर जायचं आणि एवढंच म्हणायचं, थांबा, मशीन नको. चार पावलं होती. त्या बाहेर आल्यादेखील.

"येते हं ताई," रमाबाई रोजच्यासारखं म्हणाल्या.

"किल्ली," शुभदाताई म्हणाल्या. "किल्ली ठेवून जा."

रमाबाईंनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. बाहेर पडल्यावर पंधरा वर्षांच्या सवयीनं हात वर गेला, आणि त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं.