सात ठिकाणचा ‘मला’

शुद्धलेखनाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. कारंज्याच्या बाजारात आमचा लहानसा छापखाना. लग्नपत्रिकांचा मजकूर लोक काय वाट्टेल तसा लिहून आणतात आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता मी तो गुपचूप सुधारतो. आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

सत्तावन्न साली आमचे मालक शालिग्रामभाऊ यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आसेगावच्या सोजरबाईची मुलगी रंगू कापूस वेचून वटीत, म्हणजे ओटीत, टाकताना स्वतः रचलेली गाणी म्हणायची. ती पोरगी बाळंतपणात गेली. सोजरबाईनं तिची गाणी म्हणून दाखवली, भाऊंनी ती उतरवून घेतली आणि वर्षभर बसून सागाच्या ठोकळ्यांवर त्यांची चित्रं कोरली. जाड हातकागदावर छापायच्या फक्त अठरा प्रती. भाऊ चित्रांत इतके बुडाले होते की मजकूर त्यांनी सगळा माझ्यावर टाकला.

त्या मजकुरात सात ठिकाणी ‘मले’ होतं. बाकीचं वऱ्हाडी मी कसंबसं सोसलं. पण नागपूरच्या प्रदर्शनात जाणाऱ्या पुस्तकात ‘मले’? सातही ठिकाणी मी ‘मला’ केलं. भाऊंना विचारलं नाही. छपाई झाली, खिळे आपापल्या खणांत परत गेले, कागदही संपला.

पुस्तकं शिवून झाली त्या दिवशी सोजरबाई एसटीनं आली. शेवटच्या पानावर, भाऊंच्या सहीशेजारी, तिचा अंगठा हवा होता. त्याशिवाय एकही प्रत बाहेर जाणार नाही, हे भाऊंनी आधीच सांगून टाकलं होतं. नागपूरचं पार्सल दुपारच्या गाडीनं निघायचं होतं.

मी शाई पुढे केली. तिनं हात पदराखाली घेतला.

“आंधी वाचून दाखव. वाचल्याबिगर आमी अंगठा देत नाही.”

“रामकिसन, वाच,” असं मला सांगून भाऊ डोळे मिटून बसले.

मी पान उघडलं. डोळ्यांपुढे ‘मला’ होतं आणि तोंडानं मी ‘मले’ म्हणत होतो:

“बोंड वेचता वेचता मले माहेर दिसते,
पांढऱ्या वटीमंदी माय बसून हासते.”

सातही वेळा जीभ घसरली नाही. सोजरबाईचे डोळे वाहत होते. “अशीच म्हने,” ती म्हणाली, “अशीच म्हने माही रंगू.” मी सुटलो असं वाटलं. लाज तेव्हा वाटली नाही, खरं तेच सांगतो.

तिनं अंगठा शाईत बुडवला आणि तो तसाच वर धरून ती म्हणाली, “थे ‘मले’ कुठं हाय, दाखव बरं. मी तिथंच अंगठा लावीन. बोट ठेव.”

भाऊंनी डोळे उघडले आणि ते पानावर वाकले.

तिला अक्षर येत नव्हतं. ‘मला’वर बोट ठेवलं असतं तर तिला काय कळणार होतं? भाऊ शेजारी नसते तर मी ते ठेवलं नसतं, असं आजही छातीठोक सांगवत नाही.

“माय, ते नाही तिथं,” मी म्हणालो. “मी ‘मला’ केलं. शुद्ध म्हणून.”

“‘मला’ कोन म्हनते आमच्या घरी?” तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “थ्या शिकेल बाया म्हनतात. मंग माही रंगू कुठं हाय ह्याच्यात?”

कोरायचं बारीक पातं भाऊंनी माझ्यापुढे ठेवलं. “काना खरवडून काढ. वर मात्रा दे. सगळ्या प्रतींत.”

“कागद फाटला तर?”

“तर फाटला.”

‘ला’च्या कान्यावर पातं टेकवलं आणि श्वास धरून खरवडू लागलो. काळी भुकटी निघाली. कागद टिकला. टाकानं मात्रा दिली, फुंकर घातली आणि वाचलं, “बोंड वेचता वेचता मले...”

सोजरबाईनं अंगठा पुढे केला नाही.

“मघाशीबी तू ‘मले’च वाचलं व्हतं ना रे?”

“हो.”

“मंग मले कसं समजन, आता तरी तुह्या तोंडातलं कागदावर हाय म्हनून?”

बाहेर दुपारची गाडी निघून गेली. शेवटी मी तिच्या कोऱ्या हाताचं बोट धरून खरवडलेल्या जागी टेकवलं. ती ते बोट पुढच्या गुळगुळीत कागदावर घेऊन गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे गेली.

“हितं खरखर लागते.”

“तिथलाच काना काढला, माय.”

बोट तिथंच ठेवून ती म्हणाली, “बाकीचेबी काढ. मी बसून राह्यली. एकूनएक जागा बोटानं पाहीन, मंगच अंगठा.”

अठराही प्रतींवर तिचे अंगठे उमटायला तिसरा दिवस उजाडला. एकही कागद फाटला नाही. त्या तीन दिवसांत ती माझ्याशी बोलली, माझ्या हातचा चहाही प्यायली. पण ‘वाच’ असं मला पुन्हा कधीच म्हणाली नाही.