पाणी नको

शशिकलाने चहा बशीत ओतून नवऱ्याच्या डाव्या हाताशी सरकवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात नुसता मांडीवर पडून असे, आणि शब्द कुठे सांडले होते देव जाणे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शब्दांची कुळं उकरून लोकांचे कान किटवणारा नीळकंठ आता मिठाला साबण म्हणे.

धाकटा दीर अच्युत पुण्याहून त्यांना न्यायला आला होता.

"वहिनी, पिपलानीला, कारखान्याच्या या क्वार्टरमध्ये किती दिवस काढणार? दादाचं डोकं चालत नाही आता. नोकरी सोडू दे त्याला."

"डोकं शाबूत आहे, भावजी. जीभ ऐकत नाही, एवढंच."

खात्री मात्र तिलाही नव्हती, आणि तेच तिला आतून कुरतडत होतं.

लेक कांचन क्लबातल्या क्विझची तयारी करत होती. जुन्या सवयीने तिने विचारलं, "बाबा, हिप्पोड्रोम मतलब काय हो?"

नीळकंठाने मान वर केली. ओठ बराच वेळ नुसते हलले.

"पाण... घोडा."

"बघितलंत?" अच्युत हळूच म्हणाला. लेकीची मान खाली गेली.

"पाणी," नीळकंठ म्हणाला. "पाणी!"

शशिकलाने पेला भरून आणला. त्याने तो टेबलाच्या पार कडेला ढकलला.

"पाणी नको. घोडा."

अच्युत उठून गॅलरीत गेला. शशिकलाला रडू आलं, पण तेवढ्यात नीळकंठाची दोन बोटं मेणकापडावर उभी राहिली आणि बशीभोवती दुडकू लागली. एक फेरी झाली, मग दुसरी.

ती बघत राहिली. लग्नाच्या नव्या नवलाईत प्राणिसंग्रहालयातही याने व्याख्यान झोडलं होतं. ग्रीक लोक हिप्पोला नदीतला घोडाच म्हणत, म्हणे, आपल्या पाणघोड्यासारखाच.

"कांचन, पाणघोड्यातलं पाणी काढून टाक. काय उरलं?"

"घोडा."

"आणि तो बघ, गोल पळतोय."

"घोडे पळवायची जागा... आई, रेसकोर्स!"

नीळकंठाने टेबलावर अशी थाप मारली की बशीतला चहा सगळा मेणकापडावर आला.

शशिकलाने फडकं घेतलं. पुसता पुसताच तिने गॅलरीकडे पाहून हाक दिली, "भावजी, परतीचं तिकीट तुमचं एकट्याचंच काढा."