उजेड कमी पडला तेव्हा

मित्रांनो, माझ्या अंगावरचं रबर दोन ठिकाणी सुटलं आहे, बटणावरचा रंग उडाला आहे आणि गळ्यातला पट्टा तिसरा आहे. तेव्हा मी एक जुना कॅमेरा आहे हे वेगळं सांगायला नको. मात्र एक गोष्ट आधीच कबूल करतो: मी क्रॉप सेन्सरचा. सेन्सर म्हणजे आमच्या पोटातली पाटी, तिच्यावर उजेड पडतो आणि चित्र उमटतं. माझी पाटी टपालाच्या लहानशा तिकिटाएवढी. फुलफ्रेम कॅमेऱ्याची तिच्या दुपटीहून मोठी. खिडकीत वाटी आणि परात शेजारी शेजारी ठेवली तर ऊन परातीत जास्त पडणार, तसंच हे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढरे झगे घालून काम करत आणि शिंक आली तर बाहेर पळत. तिथून मी आलो तो थेट मावशींच्या स्टुडिओत. मावशी फोटो काढत आणि त्यांचे यजमान, म्हणजे काका, मागच्या खोलीत प्रिंट करत. दहा वर्षं मी मावशींच्या गळ्यात राहिलो. पासपोर्टचे फोटो, शाळेचे ग्रुप, लग्नं, सगळं आम्ही दोघांनी निभावलं. रडणारं मूल हसेपर्यंत थांबायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. कुणी माझ्याकडे बघून "एवढासाच?" म्हटलं की मावशी म्हणत, "हा दमत नाही, कुरकुरत नाही आणि मान दुखवत नाही. तुमच्या घरात आहे का असं कुणी?" या कौतुकानं मी जरा चढून बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग काकांनी फुलफ्रेम आणला. वयानं लहान पण अंगानं थोराड, म्हणून मी त्याला थोरला म्हणतो. मावशींनी नाक मुरडलं. माझीच लेन्स काढून त्याला लावली आणि एक फोटो काढला, तर चारही कोपरे काळे. याला धड कोपरेही दिसत नाहीत, असं म्हणून त्यांनी त्याला कपाटात टाकला. खरं तर माझी लेन्स माझ्या लहान पाटीपुरताच उजेडाचा गोल पाडते. मोठ्या पाटीचे कोपरे त्या गोलाबाहेर राहणारच. हे मला ठाऊक होतं आणि काकांनाही. ते दोनदा तोंड उघडून पुन्हा गप्प बसले. मला बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो, कारण मनातून मला गुदगुल्या होत होत्या.

त्याच महिन्यात मावशींची भाची बाळंत झाली, तीही दोन महिने आधीच. मुलगी झाली. तिला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि भाची ऑपरेशननंतर खालच्या मजल्यावर पलंगाला खिळलेली. रक्तदाब उतरेपर्यंत उठायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. दोन दिवस झाले तरी तिनं लेकीला पाहिलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण "छान आहे गं" म्हणे, आणि जितके जास्त जण म्हणत तितकी ती जास्त घाबरे. पेटीच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी होती. मावशींनी सिस्टरच्या मागे लागून कॅमेऱ्याची परवानगी काढली. दोन मिनिटं, आणि फ्लॅश अजिबात नाही.

मावशींनी अर्थातच मला नेलं. आत पडदे ओढलेले, पेटीवरही अर्धं कापड टाकलेलं. भर दुपारी तिथे संध्याकाळ होती. मावशींनी श्वास रोखला, कमी उजेडातही दिसावं म्हणून मला ताणता येईल तेवढं ताणलं, आणि मीही होता नव्हता तो जोर लावला.

खाली आल्यावर भाचीनं मला दोन्ही हातांत घेतलं. पडद्यावरच्या छोट्या चित्रात बाळ दिसत होतं. पण आईच ती. तिनं चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. तसे त्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे पसरत गेले. डोळा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो तेच कळेना.

"मावशी," ती हळू म्हणाली, "ती आहे ना?"

"अगं, आहे म्हणजे काय! आत्ता बघून आले."

"मग मला चेहरा का नाही दाखवत कुणी?"

मित्रांनो, दहा वर्षांत मी कुणाला फसवलं नव्हतं. त्या दिवशी खरं तेच काढूनही मी एका आईला खोटा वाटलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी तडक स्टुडिओत आल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. काकांनी थोरल्याला त्याची स्वतःची लेन्स चढवली आणि जमिनीकडे बघत सांगून टाकलं, की तेव्हा लेन्स धाकट्याची, म्हणजे माझी, होती म्हणून कोपरे काळे आले.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझं मन मोडवेना."

एरवी मावशींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी दोघांनाही दोन खांद्यांना अडकवलं आणि भेटीची वेळ संपायच्या आत दवाखाना गाठला. सिस्टरनं कपाळाला आठ्या घालून आणखी एक मिनिट दिलं. खोली तीच, उजेडही तेवढाच. पण थोरल्याच्या परातीत तो पुरेसा पडला.

भाचीनं पुन्हा चेहरा मोठा केला. पापण्या दिसल्या. गालावर नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी दिसली, हनुवटीखालची इवलीशी मूठ दिसली, मुठीची नखंसुद्धा दिसली. ती मोठं करत राहिली आणि चेहरा काही विस्कटेना. मी मावशींच्या खांद्यावरून बघत होतो. थोरल्याचा हेवा वाटायला हवा होता, पण मीही त्या नखांकडेच बघत राहिलो.

"नाक तुझ्यासारखं आहे, मावशी," भाची म्हणाली. "बिचारी." आणि ती रडायला लागली. मावशी हसता हसता रडायला लागल्या.

डोळे पुसून झाल्यावर तिनं माझ्याकडे बोट केलं. "त्यातला तो पहिला पुसून टाक." मावशींनी पुसला. एवढ्या कष्टानं काढलेला फोटो गेला, तरी माझ्या अंगावरचं ओझं उतरलं.

दीड महिन्यानं बाळ घरी आलं. काकांनी त्याला खिडकीशी निजवून आम्हा दोघांकडून सारखाच फोटो काढला आणि सारख्याच मापाचे प्रिंट मावशींपुढे ठेवले. मावशींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि थोरल्याचा म्हणून माझा उचलला. भरपूर उजेड असेल आणि प्रिंट तळहाताएवढा असेल, तर आमच्यातला फरक शोधायला भिंग लागतं. थोरल्याच्या फोटोत मागचा पडदा जरा जास्त मऊ विरघळला होता, इतकंच.

भाचीनं प्रिंट पाहिलेच नाहीत. एका हातावर बाळ घेऊन तिनं दुसऱ्या हातानं थोरल्याला उचलून पाहिलं, मनगट वाकलं तसं ठेवून दिलं. मग मला उचललं.

"हा एका हातात मावतो," ती म्हणाली.

मावशींनी माझा पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि त्या घाईघाईनं काकांना प्रिंट कसे कापायचे ते सांगायला गेल्या. चाळीस वर्षं प्रिंट कापणारे काका निमूटपणे ऐकत राहिले.

तेव्हापासून मी भाचीच्या घरी असतो. मुलगी आता रांगते आणि माझा पट्टा चघळते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी पडून असेल तर त्याची लेन्स मऊ फडक्यानं पुसा, बॅटरी वेगळी काढून ठेवा. आणि जे त्याला झेपत नाही ते नुसत्या मायेपोटी त्याच्या गळ्यात मारू नका. त्याची फजिती होते ती होतेच, पण त्याच्या भरवशावर कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं. त्याला सकाळच्या खिडकीशी न्या. तिथे तो कुणालाही घाबरवणार नाही.